‘मागच्याप्रमाणेच’

मार्केट डेटाच्या कामात महिन्याचे पहिले दहा दिवस कुणी रजा मागत नाही. आधीच्या महिन्यात कुठल्या एक्स्चेंजचे, म्हणजे शेअर बाजाराचे, भाव आपल्याकडे किती जणांनी पाहिले, हे मोजून त्या त्या एक्स्चेंजला कळवायचं असतं. आमची फर्म एक्स्चेंजकडून थेट फीड घेते, स्वतःच्या प्रणालीतून ट्रेडर्सना दाखवते आणि ग्राहकांच्या ॲपवरही पाठवते. डेटा आमच्या हातून पुढे जातो, म्हणून मोजणीही आमच्याच गळ्यात. आम्ही जो आकडा कळवू त्यावर बिल निघतं. एक्स्चेंजला आमच्या घरात डोकावता येत नाही, येतं ते एकदम ऑडिटलाच.

सहा वर्षं मी हे काम एका स्प्रेडशीटवर केलं. प्रत्येक एक्स्चेंजची तऱ्हा वेगळी. कुणाला फक्त एकूण आकडा पुरे, कुणाला माणसागणिक यादी हवी, कुणी स्वतःच्या पोर्टलवर एकेक आकडा हाताने भरायला लावणार. एकाला महिन्याच्या शेवटच्या दिवशी ज्यांना ॲक्सेस होता तेवढेच हवेत, दुसऱ्याला महिन्यात एक दिवस जरी ॲक्सेस असला तरी तो माणूस यादीत हवा. या सगळ्यांना पुरून उरणारी ती एक शीट होती आणि तिच्यात शेवटचा रकाना होता ‘शेरा’. माझ्या आधी हे काम करणाऱ्याने तो सुरू केलेला. ‘दोघे रजेवर, धरले नाहीत’, ‘साहेबांशी बोलून’, ‘हे तिकडे मोजलंय’ असल्या नोंदी त्यात असत. सर्वांत जास्त वेळा आलेला शेरा मात्र ‘मागच्याप्रमाणेच’. मागच्या महिन्यात पाहावं तर तिथेही मागच्याप्रमाणेच. एकदा हट्टाने एकेक महिना मागे जात राहिले. तीन वर्षांपूर्वीच्या ओळीपाशी तो शेरा संपला. त्याच्या आधीच्या ओळीत शेरा कोराच होता.

मग एका मोठ्या एक्स्चेंजचं पत्र आलं. दोन तिमाहींनंतर स्प्रेडशीट घेतली जाणार नाही, अहवाल ठरवून दिलेल्या एक्सएमएल साच्यातच हवा, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावून यंत्राला वाचता येईल अशा मजकुरात. यात नवल काही नव्हतं. एक्सएमएल १.० हे १९९८ सालचं आहे, आणि मार्केट डेटा क्षेत्रातल्या एफआयएसडी या संघटनेच्या व्यासपीठावर व्हेंडर रिपोर्टिंगसाठी व्हीआरएक्सएमएल हा सामाईक साचाही आधीच तयार झालेला होता. डेटा देणारा, वाटणारा आणि वापरणारा यांनी मोजणीबद्दल एकाच भाषेत बोलावं, म्हणजे प्रत्येकाची वेगळी शीट सांभाळावी लागणार नाही, एवढी साधी गोष्ट. आम्ही त्याबद्दल ऐकून होतो, आणि नुसतं ऐकूनच होतो. बाकी सगळं भिजत घोंगडं.

साहेब म्हणाले, “रकान्यांची नावं बदलायची आहेत फक्त. दोन आठवडे पुरतील ना?”

मी “हो सर” म्हणाले. स्पेसिफिकेशन तेव्हा मी उघडलेलं नव्हतं.

उघडल्यावर पहिला धक्का बसला तो आमच्या ‘यूएस इक्विटी’ या रकान्याचा. आमच्या शीटमध्ये अमेरिकन शेअर्सचे भाव पाहणारा माणूस म्हणजे एक ओळ. पण तिथली एकत्रित टेप, म्हणजे सगळ्या एक्स्चेंजवरचे भाव एकत्र देणारा प्रवाह, तीन जाळ्यांत विभागलेली आहे. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर लिस्टेड शेअर टेप ए वर, नॅसडॅकवर लिस्टेड टेप सी वर आणि उरलेल्या एक्स्चेंजवरचे टेप बी वर. ए आणि बी एका योजनेखाली, सी दुसऱ्याच. ऑप्शन्सचे भाव पाहायचे तर ओप्रा हे आणखी निराळं खातं. नव्या साच्यात प्रत्येक प्रॉडक्टला स्वतःचा कोड आणि स्वतःची ओळ. आमच्याकडे मात्र ‘यूएस इक्विटी’ला हो की नाही एवढंच. ज्यांना ‘हो’ होतं त्यांतल्या किती जणांकडे खरंच तिन्ही टेप सुरू आहेत, हे कुणाला काय दिसावं ते ठरवणाऱ्या परवानगी प्रणालीच्या आत जाऊन काढावं लागलं.

आमच्या डेव्हलपरने सुचवलं की आयएसओ १०३८३ चे चार अक्षरी एमआयसी कोड सगळ्या एक्स्चेंजना आहेतच, तेच वापरू. चांगला मुलगा, पण या कामात नवा. एमआयसी बाजार कुठला ते सांगतो, त्या बाजाराचं कुठलं प्रॉडक्ट ते सांगत नाही. फक्त सर्वोत्तम खरेदी-विक्री भाव दाखवणारं लेव्हल १ आणि सगळी ऑर्डर बुक दाखवणारं लेव्हल २ एकाच एमआयसीखाली येतात, आणि दोघांच्या शुल्कात बरंच अंतर असतं. शेत कुणाचं ते कळलं म्हणून पीक काय घेतलंय ते कळत नाही. शेवटी आमची प्रॉडक्टची नावं एका बाजूला आणि एक्स्चेंजचे कोड दुसऱ्या बाजूला असा तक्ता हातानेच केला. त्यात आमच्या चार नावांना पलीकडे जोडीदारच मिळेना. दोन प्रॉडक्ट एक्स्चेंजने कधीच बंद केली होती आणि आम्ही ती दर महिन्याला शून्य म्हणून इमानेइतबारे कळवत होतो.

शून्याचंही एक प्रकरण निघालं. आमच्या शीटमध्ये शून्य आणि रिकामा रकाना यात भेद नव्हता. नव्या साच्यात शून्य म्हणजे ‘मोजलं, कुणी नाही’, आणि ओळच नसणं म्हणजे ‘अहवाल आला नाही’. दुसऱ्या प्रकारात काही करारांत मागच्या महिन्याचा आकडा धरून बिल काढायची तरतूद असते. म्हणजे एक्स्चेंजकडेही ‘मागच्याप्रमाणेच’ होतंच!

पण घोडं खरं पेंड खात होतं ते एका सक्तीच्या रकान्यात. ‘वापरकर्त्याची एकमेव ओळख’. वाचायला किती निरुपद्रवी! आमचा एक ट्रेडर घ्या. आमच्या स्वतःच्या स्क्रीनवर त्याचं लॉगिन एक. बाहेरच्या व्हेंडरच्या टर्मिनलवर दुसरं, आणि ते आडनाव आधी, नाव मागून अशा पद्धतीचं. स्प्रेडशीटमध्ये भाव ओढणाऱ्या ॲड-इनसाठी तिसरं, ज्यात त्याचा ईमेल आहे, आणि तो ईमेलही कंपनीचं डोमेन बदलण्याच्या आधीचा. मनुष्यबळ विभागाच्या दफ्तरी तो एक क्रमांक. हे चारही एकच माणूस आहेत हे आम्हाला तोंडपाठ होतं, पण कुठल्याही प्रणालीत ते लिहिलेलं नव्हतं. काही एक्स्चेंज नेटिंगची सवलत देतात. एक माणूस तेच भाव तीन ठिकाणी पाहतोय हे दाखवता आलं आणि आधी मंजुरी घेतलेली असली, तर शुल्क एकदाच. आम्ही वर्षानुवर्षं तिन्ही ठिकाणी भरत होतो, कारण दाखवायला काहीच नव्हतं.

ही जोडणी करायला मी आणि माझी एक सहकारी दीड महिना बसलो. नावांवरून सत्तर टक्क्यांच्या आसपास माणसं आपोआप जुळली. उरलेल्यांसाठी फोन. “मॅडम, तुमच्या टर्मिनलवर वर उजव्या कोपऱ्यात काय नाव दिसतंय ते जरा वाचून दाखवता का?” एकीने लग्नानंतर नाव बदललेलं, एकाच नावाचे दोघे एकाच मजल्यावर, आणि एक गृहस्थ तर दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेले. त्यांचं लॉगिन बंद होतं, परवानगी मात्र चालूच, त्यामुळे परवानग्यांच्या यादीतून मोजणी करताना ते दर महिन्याला हजर. परवानगी बंद करायचं काम कुणाचं, यावर दोन विभागांत झालेल्या ईमेलची साखळी मी जपून ठेवली आहे. कधी मन उदास झालं की वाचते.

या ओळखी एका यादीत आणताना स्प्रेडशीटने आपलं जुनं दुखणं दाखवलंच. आमचे काही कर्मचारी क्रमांक शून्याने सुरू होतात. फाइल एकदा उघडून जतन केली की पुढची शून्यं गायब, आणि ००४७१ चा ४७१ झाला की तो मनुष्यबळ विभागाच्या यादीत सापडत नाही. काही क्रमांकांत मध्येच रोमन ‘ई’ येतो. १२ई४ असा क्रमांक दिसला की स्प्रेडशीटला वाटतं हा वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेला आकडा, मग त्याचा एक लाख वीस हजार होतो. याच खोडीपायी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये तारखेसारखी दिसणारी जनुकांची नावं बदलून टाकली. शास्त्रज्ञांनीच हात टेकले तिथे आमची काय कथा. आम्ही एवढंच ठरवलं की परवानगी प्रणालीपासून एक्सएमएलपर्यंतच्या वाटेवर माणसाने फाइल उघडायचीच नाही. पाहायची असेल तर प्रत काढून पाहा आणि ती प्रत टाकून द्या.

पहिली चाचणी फाइल पाठवली त्या दिवशी आम्ही तिघं एका स्क्रीनसमोर उभे होतो. चार मिनिटांत उत्तर आलं. फाइल नाकारली. ओळ १८४०७, अक्षर ६२. एवढीच माहिती, बाकी एक वाक्य इतकं तांत्रिक की त्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं. डेव्हलपरने ती ओळ उघडली. एका विभागाचं नाव होतं आणि त्या नावात मधोमध & हे चिन्ह. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह राखीव आहे, मजकुरात हवं असेल तर त्याच्या जागी ठरलेला पाच अक्षरी पर्याय लिहावा लागतो. फाइल बनवताना तयार लायब्ररी वापरली असती तर ते आपोआप झालं असतं, पण आमच्या प्रोग्राममध्ये ओळीला ओळ चिकटवून मजकूर बनवलेला. मुलगा ओशाळला. मी म्हटलं, “अरे, अठरा हजार ओळी पार करून आलास, एका चिन्हाने काय होतंय.” खरं तर मला हायसं वाटलं होतं. सहा वर्षांत माझ्या शीटवर कुणी अक्षराचीही हरकत घेतली नव्हती, आणि माझी शीट बिनचूक होती म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी फाइल स्वीकारली गेली. तेव्हा साहेब खूश झाले आणि मी घाबरले. साचा तपासणारी स्कीमा रकाना आहे का, तारीख तारखेसारखी आहे का, कोड यादीतला आहे का एवढंच पाहते. आतली गोष्ट खरी आहे का हे तिला कळत नाही. आमच्या एका जुन्या प्रणालीतून तारखा महिना आधी, दिवस मागून अशा येत होत्या. साच्याला आयएसओ ८६०१ प्रमाणे वर्ष-महिना-दिवस हवा, म्हणून आम्ही त्या उलटवून लिहिल्या, दिवस आधी आहे असं समजून. तेराव्या तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदींना हरकत आली असती, पण चाचणीसाठी आम्ही नेमका पहिल्या आठवड्याचा डेटा घेतलेला. तीन एप्रिल आणि चार मार्च दोन्ही वैध तारखा आहेत. फाइल नियमाप्रमाणे चोख आणि आतल्या तारखा भलत्याच महिन्यांत सरकलेल्या! सहकारीने सहज एका नव्या मुलाची ॲक्सेसची तारीख पाहिली आणि म्हणाली, “हा तर त्या दिवशी मुलाखतीलाही आला नव्हता.”

यानंतर आम्ही तीन महिने जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवली. दोन्ही आकडे जुळेपर्यंत जुनंच पाठवायचं असं ठरलं, एक्स्चेंजलाही ते मान्य होतं. पहिल्या महिन्यात नवा आकडा जुन्यापेक्षा कमी आला, नेटिंगमुळे आणि निघून गेलेल्या मंडळींमुळे. साहेबांनी तो वरच्या बैठकीत दाखवलासुद्धा. मी म्हटलं होतं थोडं थांबा, पण कमी झालेला खर्च दाखवायला कोण थांबतं?

दुसऱ्या महिन्यात सामाईक लॉगिन सापडलं. ट्रेडर्सच्या एका गटाचं, म्हणजे डेस्कचं, एक लॉगिन होतं, आणि आमच्या शीटमध्ये त्याची एक ओळ. त्याला कुठला माणूस जोडायचा हे विचारायला मी डेस्कवर गेले तर उत्तर मिळालं, “आम्ही सगळेच वापरतो ना.” सकाळच्या पाळीत दोघे, संध्याकाळी दोघे, आणि मोठ्या स्क्रीनवर दिवसभर ते उघडंच. त्या एक्स्चेंजच्या धोरणात मोजणीचं एकक लॉगिन नव्हतं, माणूस होता. म्हणजे निदान चार ओळी हव्यात तिथे आम्ही एक कळवत होतो, आणि शेऱ्यात ‘मागच्याप्रमाणेच’. शोधल्यावर अशी आणखी काही लॉगिन निघाली. त्यातली दोन तर माणसांची नव्हतीच. ती प्रोग्रामची होती. भाव वाचून आपोआप ऑर्डर टाकणारे प्रोग्राम, ज्यांना नॉन-डिस्प्ले वापर म्हणतात आणि ज्यांचा परवाना व शुल्क दोन्ही वेगळं असतं.

त्या दुपारची बैठक मला आठवते. कुणीतरी म्हणालं, एकमेव ओळख हवी आहे ना, मग लॉगिनचंच नाव तिथे टाका, साचा कुठे विचारतोय हा माणूस आहे का म्हणून. दुसऱ्याने सुचवलं, आजपासून नीट करू, मागचं कशाला उकरायचं. इतकी वर्षं सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी होती, आणि माझीही, हे मला कबूल करायला हवं. मला ते डेस्क माहीत होतं, त्यांची पाळी माहीत होती. शीटने विचारलं नाही म्हणून मी विचारलं नाही. आता विचारणारा रकाना समोर होता आणि त्यात खोटी ओळख भरायची म्हणजे माझ्या हाताने लिहून द्यायचं. कायदेविभागातल्या बाईंनी शांतपणे करारातलं कलम वाचून दाखवलं. ऑडिटमध्ये सापडलं तर मागच्या काही वर्षांचं शुल्क आणि वर व्याज. स्वतःहून कळवलं तर निदान बोलणी करायला जागा राहते.

“हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण,” साहेब म्हणाले. पण पत्र त्यांनीच लिहायला सांगितलं, आणि मसुद्यात मी लिहिलेलं ‘अनवधानाने’ हे क्रियाविशेषण तीनदा आलं होतं ते दोनदा काढून एकदा ठेवलं.

एक्स्चेंजशी बोलणी लांबली, मागची काही रक्कम भरावी लागली. किती ते इथे लिहिणार नाही. नेटिंगमधून जे वाचलं होतं त्याचा बराच भाग तिकडे गेला. आधीच्या बैठकीत दाखवलेला तो कमी झालेला आकडा पुन्हा कुणी काढला नाही. सामाईक लॉगिन मोडून प्रत्येकाला आपापलं दिलं. मोठ्या स्क्रीनवरून तुरळक कुरकुर झाली.

मागच्या महिन्याची दुरुस्ती कशी पाठवायची हा वाद आणखी एक पंधरवडा चालला. आमची सवय फक्त फरक कळवायची, ‘अधिक तीन, उणे एक’. एक्स्चेंजने सांगितलं, त्या महिन्याची पूर्ण फाइल पुन्हा पाठवा, ती जुन्या फाइलच्या जागी बसेल. आम्ही एकदा सवयीने फक्त चार ओळींची दुरुस्ती पाठवली, आणि त्या महिन्यात आमच्या फर्ममध्ये चारच माणसं भाव पाहत होती असा अहवाल झाला. बिल आलं तेव्हा हिशेब विभागातून फोन आला, “इतकं कमी? तुम्ही सगळ्यांना काढलं की काय?”

मुदतीच्या चार दिवस आधी आम्ही जुनी शीट त्या एक्स्चेंजपुरती थांबवली. बाकीच्या काहींनी साचा घेतला, काहींचं अजून स्वतःचं पोर्टल आणि स्वतःचे रकाने. तरी आता त्या सगळ्यांना लागणारे आकडे माणसागणिक लिहिलेल्या त्या एकाच यादीतून निघतात. महिन्याचे पहिले दहा दिवस होते, आता चार लागतात, त्यातले दोन अजून फोनवर जातात.

एक लॉगिन मात्र शेवटपर्यंत बेवारस राहिलं. कुठल्याच डेस्कला ते आपलं वाटेना. लॉग पाहिले तर दर रात्री बाजार बंद झाल्यावर ते एकदा जागं होई, काही शे भाव उचली आणि निजे. कुणाचा माणूस नाही, कुणाचा प्रोग्राम नाही. ओळख नाही म्हणजे फाइलमध्ये ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणजे ॲक्सेस नाही, असं ठरवून एका शुक्रवारी मी ते बंद केलं. सोमवारी फोनकडे पाहत बसले. काहीच नाही. पुढचा आठवडाही तसाच. तिसऱ्या आठवड्यात, महिनाअखेरीला, हिशेब विभागातल्या एका काकांचा फोन. त्यांच्या टेबलाखालच्या एका जुन्या मशीनवरून फर्मच्या सगळ्या गुंतवणुकीचं मूल्यांकन होतं आणि आज त्यात बंद भाव येत नाहीयेत.

“हे कधीपासून चालू आहे, काका?”

“मी आलो तेव्हा होतंच. मी आपलं मागच्याप्रमाणेच चालवतो.”

नव्या महिन्याच्या फाइलमध्ये त्या मशीनची ओळ आहे. ती कुठल्या प्रकारात बसते, यावर एक्स्चेंजशी आमचा पत्रव्यवहार सुरू आहे.